पोर्टलवर हरवलेली बेचाळीस पुस्तकं

“मॅडम, तुमच्या शाळेतली बेचाळीस पुस्तकं हरवली आहेत,” असं म्हणून केंद्रप्रमुखांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब. स्क्रीनवर आमच्या शाळेचं नाव लालभडक झालं होतं.

“हरवली नाहीत सर. ऊसतोडीला गेली आहेत.”

“पुस्तकं?”

“पोरांबरोबर.”

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, “पोर्टलवर लॉस्ट दिसतात म्हणजे लॉस्टच.”

आमची शाळा प्रकाशा गावाच्या पुढे, दोन शिक्षकांची, चौथीपर्यंत. बहुतेक पोरं भिल्ल मजुरांची. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक गावात येतो. आई-बाप, पोरं, भांडी, कोंबड्या सगळं त्यात बसतं आणि गुजरातेत ऊस तोडायला जातं. परततात होळीला. होळीला भिल्ल माणूस कुठेही असो, गावात येणारच. मधले चार महिने पोरांच्या हातात कोयत्याशिवाय काही नसतं आणि शिकवलेलं सगळं धुऊन निघतं. म्हणून मी वर्षानुवर्षं ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोराला एक पुस्तक देते. जाड वहीत नाव लिहिते, पोराची सही घेते. झालं माझं ग्रंथालय.

त्या वर्षी चौथीतली वनिता गोष्टींचं सगळ्यात जाड पुस्तक घेऊन गेली. तिची आई म्हणाली, “होळीले येसूत बाई, पुस्तक बी लई येसूत.” म्हणजे घेऊन येऊ. मी म्हटलं, “फाटनं तरी चाली, पन वाचा.”

त्याच दिवाळीच्या आधी आमच्या नशिबी ॲप आलं होतं. तालुक्याला ट्रेनिंग झालं. गळ्यात आयकार्ड घातलेला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. प्रत्येक पुस्तकावर क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं, म्हणजे दुकानात पैसे द्यायला स्कॅन करतो ना, तसला चौकोन. पुस्तक देताना स्कॅन, परत घेताना स्कॅन. हे सगळं दिसतं डॅशबोर्डवर. डॅशबोर्ड म्हणजे साहेबांना खुर्चीतून न उठता सगळ्या शाळा दिसाव्यात असा फळा. पंधरा दिवसांत पुस्तक आलं नाही तर पिवळं, तीस दिवसांनी लाल, साठ दिवसांनी आपोआप लॉस्ट. आणि दहाच्या वर पुस्तकं लॉस्ट झाली की शाळेचं वाटपच बंद.

मी हात वर केला. “आमची पोरं चार महिने गावात नसतात. त्यांचं काय करायचं?”

“मॅम, असा यूज केस नाहीये.” म्हणजे अशी वेळ कुणावर येते, हे ॲपला ठाऊकच नाही.

घ्या! दिवाळीनंतर गावंच्या गावं रिकामी होतात, आणि म्हणे यूज केस नाहीये. सारंगखेड्याच्या बाजारात माणूस घोडा घेताना आधी त्याचे दात बघतो. आमच्या खात्यात हे ॲप घेताना कुणी काय बघितलं देव जाणे.

ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी मी बेचाळीस पुस्तकं वहीत लिहून, शिवाय स्कॅन करून दिली. व्हायचं तेच झालं. साठ दिवस भरले, बेचाळीस पुस्तकं लॉस्ट, वाटप बंद. आजी-आजोबांकडे राहिलेली पोरं रोज पुस्तकं नेऊन वाचत होती, पण नोंद माझ्या वहीत. पोर्टलवर आमचा वापर शून्य.

“अहो मॅडम, लाल झाली तेव्हाच रिटर्न करून टाकायची ना,” केंद्रप्रमुख म्हणाले. “बटण दाबायला तुमचं काय गेलं असतं? कोण बघतंय?”

“पुस्तक हातात नाही आणि जमा दाखवू?”

“सगळे दाखवतात.”

“सगळ्यांना दाखवू द्या. मी नाही दाखवणार.”

माझ्या या स्वभावापायी मी आजवर बरंच काही ओढवून घेतलंय. या वेळी ओढवली ती आदर्श शाळेची भेट. पोर्टलवर तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेत जायचं, शिकून यायचं आणि अहवाल द्यायचा, असा आदेश निघाला.

गेले. मुख्याध्यापकांनी मोठ्या प्रेमाने कपाट उघडून दाखवलं. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, करकरीत कोरी. एकाच्याही पानाला घडी नाही. मी विचारलं, “स्टिकरं कुठे आहेत?” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. एका चार्टपेपरवर सगळी स्टिकरं ओळीने चिकटवली होती, वर रंगीत खडूने ‘वाचू आनंदे’. दर सोमवारी सर खुर्चीत बसून चार्ट स्कॅन करतात. सगळी पुस्तकं वाटली. शनिवारी पुन्हा स्कॅन करतात. सगळी परत आली.

“पुस्तकं मळतस नहीत बाई,” ते खुशीत म्हणाले. “तुम्हले बी करी देऊ का एक चार्ट?”

काय बोलणार कप्पाळ! चहा पिऊन आले. अहवालात लिहिलं, ‘चार्ट सुबक आहे.’

पंधरा दिवसांत पत्र आलं. वापर नसलेल्या शाळांतली पुस्तकं सक्रिय शाळेत वर्ग करावीत. आमचं कपाट त्या चार्टवाल्यांकडे! मी पत्र टेबलावर आपटलं. एवढ्या वर्षांत मी एकेक पुस्तक निवडून, मागून, भांडून जमवलं होतं. रागाने डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वर्गातल्या पोरांनी बघितलं याचा आणखी राग आला.

टेम्पो यायचा होता होळीनंतर चौथ्या दिवशी.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रक परतला आणि होळी झाल्यावर पोरं शाळेत पुस्तकं घेऊन आली. एकाला हळदीचे डाग, एकाला उसाच्या रसाने चिकटलेली पानं, एकाचा कोपरा चुलीपाशी जळालेला. वनिताच्या पुस्तकाचं कव्हर गेलं होतं. तिने त्याला खताच्या गोणीचा तुकडा शिवला होता.

“सगळं वाचलं?”

“तीनदा. खोपीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मुकादमबी ऐकायचा.”

वही काढून मोजलं. बेचाळीसपैकी एकोणचाळीस आली. तीन खरोखर गेली. चार महिने पाचटाच्या खोपटात काढलेल्या लेकरांनी एकोणचाळीस परत आणली, याला मी हरवणं म्हणू?

मी मोबाईलवर एक पुस्तक स्कॅन केलं. उत्तर आलं, हे पुस्तक लॉस्ट आहे. दुसरं केलं. लॉस्ट. हेल्पलाइनला फोन लावला.

“पुस्तक माझ्या हातात आहे हो!”

“मॅम, लॉस्ट झालेलं बुक रिटर्न होत नाही. सिस्टीममध्ये तसं बटणच नाहीये.”

मी फोन ठेवला. तेव्हा नुसती चिडले होते. डोक्यात उजेड पडला तो टेम्पो आल्यावरच.

केंद्रप्रमुख पोर्टलवरून काढलेली यादी घेऊन उतरले. एकेक नंबर वाचायचे, मी पुस्तक द्यायचे, टेम्पोवाला खोक्यात भरायचा. एकशे साठ पुस्तकं गेली. त्यांत चांगली होती, माझ्या आवडीची होती. पोरं दारात उभी राहून बघत होती. वनिताने आपलं पुस्तक फ्रॉकच्या आत पोटाशी धरलं होतं. मला सगळं दिसत होतं.

यादी संपली. मी म्हटलं, “झालं?”

“झालं. सह्या करा.” तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. “आणि ती फाटकी कसली?”

“हरवलेली.”

“हरवलेली? मग इथे कशी?”

“तुम्हीच म्हणालात ना सर, पोर्टलवर लॉस्ट म्हणजे लॉस्टच.”

“अहो, ती पण द्या खोक्यात!”

“देते की. यादीत नंबर दाखवा.”

त्यांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. लॉस्ट पुस्तकं पोर्टलने यादीतून केव्हाच काढून टाकली होती. “हाताने लिहून घेतो,” ते म्हणाले.

“लिहा. आणि खाली लिहा, हरवलेली एकोणचाळीस पुस्तकं ताब्यात घेतली. सही तुमची. वरून विचारलं, हरवलेली कुठे सापडली, तर उत्तरही तुमचंच.”

त्यांनी पेन उघडलं. जरा विचार केला. पेन बंद केलं. “राहू द्या,” म्हणाले, “फाटकीच आहेत.”

टेम्पो गेला. मी वनिताला हाक मारली, “काढ ते बाहेर. लपवायचं कारण नाही. ते कुणी नेणार नाही आता.”

तिचा विश्वास बसेना. “कायमचं आपलं?”

“कायमचं.”

माझी एकशे साठ त्या कपाटात पिशव्यांत पडून आहेत. मी एकदा जाऊन बघून आले, पुन्हा नाही जाणार. पोर्टलवर आमच्या शाळेत आजही पुस्तकं शून्य. शून्य पुस्तकांच्या ग्रंथालयाची तपासणी करायला कुणी येत नाही, त्यामुळे काम कसं सुरळीत चाललंय. पुढच्या दिवाळीला एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पुन्हा ट्रकमध्ये बसून गेली. वहीत नावं या वेळी वनिताच्या धाकट्या बहिणीने लिहिली.

नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक कधी विचारतात, बाई, शाळेतली पुस्तकं टिकवायची कशी? मी सांगते, पोरांना द्या आणि पोर्टलवर हरवू द्या. जी हरवत नाहीत ती टेम्पोत जातात.