जनावर म्हणणारे तात्या

तात्यांच्या तोंडून ‘साप’ हा शब्द कुणी कधी ऐकला नाही. भिवपुरीपासून खालापूरपर्यंत कुणाच्याही घरात निघालेला नाग ते उचलून गोणपाटात घालायचे, पण त्याचं नाव घ्यायचे नाहीत. ‘जनावर’ म्हणायचे. कुणाला दंश झाला तर ‘पान लागलं’. आमच्याकडची जुनी माणसं तिन्हीसांजेला हे नाव टाळतात; तात्या भरदुपारीही टाळायचे. "नाव काढलं का येतंय गं बाय," म्हणायचे. मी म्हणायचे, "अहो, येऊ दे की, धंदाच आहे तुमचा!" त्यावर असं बघायचे, की मी मुकाट्यानं चहा सांगायचे.

कळंबच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांच्या वेबसाइटही मी बनवून देते. तात्यांना वेबसाइट हवी होती ती शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांसाठी. त्यांना काठी माहीत होती, तात्या माहीत नव्हते. गरीब धामण दिसली तरी ठेचून मोकळे व्हायचे. तसं मेलेलं जनावर बघितलं की तात्या त्या दिवशी जेवायचे नाहीत. "काठी उचलायच्या आदी फोन उचलला पायजे," एवढाच त्यांचा हट्ट.

वेबसाइट झाली. पण नुसती बनवून भागत नाही, धंद्यांच्या ऑनलाइन डिरेक्टरीत योग्य वर्गात नोंदवावी लागते, तेव्हा कुठे शोधणाऱ्याला सापडते. मी ‘आपत्कालीन सेवा’ उघडून त्यात ‘सर्पमित्र’ दाखवलं. तात्यांनी मान फिरवली. "त्यात नाव हाय त्याचं."

"तात्या, आत्ता दुपारचे दोन वाजलेत!"

"आता दुपार हाय गं. पन लिवलेलं तिन्हीसांजेलाबी तितंच ऱ्हानार ना?"

त्यांनी स्वतः बोट फिरवत फिरवत शोधून काढलं, ‘पाळीव प्राणी व जनावरे : खरेदी-विक्री’. "ह्ये बघ, जनावरं! ह्यात टाक." मी डोकं फोडून सांगितलं, भांडले, पण ऐकतील ते तात्या कसले! खाली मजकूरही त्यांनीच सांगितला: ‘घरात जनावर शिरल्यास तात्यांना फोन करा, कधीही.’

पहिले फोन हसवणारे होते. कुणाला मांजराचं पिल्लू हवं, कुणाला बैलजोडी. तात्या दुकानात येऊन नक्कल करून दाखवायचे, आणि मी पोट धरून हसायचे. मग एक दिवस ते आले आणि हसले नाहीत. "बाय, एक मानूस लय गोड बोलतोय. दोन तोंडांचं हाय का, इचारतोय."

दोन तोंडांचं म्हणजे मांडूळ. गुप्तधन सापडतं म्हणून त्याची चोरटी विक्री चालते, आणि ती करणारी माणसं बरी नसतात. तात्यांनी त्याला दोन शिव्या हासडल्या. त्यानं रोज वेगळ्या नंबरवरून फोन लावला. पुढे तात्यांच्या वाडीखाली एक पांढरी गाडी येऊन उभी राहायला लागली. आतून कुणी उतरायचं नाही.

नोंद काढा म्हणून मी डिरेक्टरीला तीनदा कळवलं. ‘विनंती मिळाली’, एवढंच उत्तर. तोवर तात्यांचा नंबर दुसऱ्या चार डिरेक्टऱ्यांनी उचललाही होता. तात्या म्हणाले, "जनावर धरलं तर रानात सोडता येतंय गं. ह्यो नंबर कुटं सोडू?"

फोन बंद ठेवा म्हटलं, तर ऐकेनात. कुणाच्या घरात खरंच निघालं आणि यांचा फोन बंद असला तर? त्यांनी आपली एक युक्ती काढली. "त्याचं नाव घेतलं, का समजायचं इकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. जनावर म्हनला, का आपला." याच कसोटीवर ते फोन घ्यायचे, आणि निर्धास्त असायचे. मला मात्र धास्ती वाटायची, का ते सांगता यायचं नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला ते दुकानातच होते. अनोळखी नंबर. तात्यांनी स्पीकर लावला. "तात्या, खालापूरकडनं बोलतोय. घरात जनावर शिरलंय, बारकी पोरं हायेत, या लवकर."

तात्या उठलेच. मी आडवी गेले. "ओळख ना पाळख, कुठे निघालात? उद्या जा."

"जनावर म्हनला गं. आपलाच हाय," म्हणाले, आणि गोणपाट काखेत मारून निघाले.

मोटरसायकल दुसऱ्या दिवशी खालापूरच्या रस्त्याला सापडली. चावी तशीच, गोणपाट हँडलला, रिकामं. तात्या आजतागायत सापडले नाहीत. पोलीस म्हणाले, त्या भागात कुणाच्याच घरात काही निघालं नव्हतं.

आठवडाभरानं मी ती नोंद पुन्हा उघडली. ‘घरात जनावर शिरल्यास.’ तात्यांचा शब्द तिथेच लिहिलेला होता, दुपारीही आणि तिन्हीसांजेलाही. ज्याला हवा त्यानं वाचला होता.

परवा संध्याकाळी दुकानात झेरॉक्स मशीनमागे धामण निघाली. शेजारचा धावत आला, "वहिनी, काय झालं?" ‘जनावर’ म्हणायला माझी जीभच उचलेना. मी ओरडले, "साप! साप!" त्यानं काठी उचलली. मी फोन हातात घेतला होता, तात्यांचं नाव काढलंही होतं. तो लागायचा नाही हे मला ठाऊक होतं. तरी लावला, आणि काठीचा आवाज थांबेपर्यंत कानाला धरून उभी राहिले.