तोंडी होकार

आमचे काका, म्हणजे माझे सख्खे चुलते, जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होते आणि निवृत्त झाल्यावर थेट न्यायनिवाडा करायला बसले. हसू नका. नवा फौजदारी कायदा आला, वरच्या शहाण्यांनी ठरवलं की तुरुंगापेक्षा समेट बरा, आणि समेटाची अक्कल समाजाच्या जुन्या रीतीत आहे. कल्पना वाईट नव्हती हो. पण रीत सांगायला मिळालं कोण, तर आमचे काका! फिरती खुर्ची मिळाली, गळ्यात ओळखपत्र आलं, कोल्हा काकडीला राजी.

रीत अशी, की ज्याला इजा झाली त्याला तीनदा विचारायचं, "मिटलं का?" तो 'नाही' म्हणाला तर खटला कोर्टात. गप्प राहिला तर मिटलं. काकांच्या घरीही हाच कायदा. काकू बोलायची थांबली त्याला अकरा वर्षं झाली, आणि हे गृहस्थ सांगत फिरतात, आमच्याकडे भांडण म्हणून नाही!

मी त्यांच्या समेट कक्षात टंकलेखिका. चिकटवलंही त्यांनीच.

परवा एक शिवणकाम करणारी बाई आली. दिराने इस्त्री फेकून तिचा जबडा मोडला होता. डॉक्टरांनी दात तारेने बांधलेले. मिटलं असं ठरलं, तर तिला त्याच दिराच्या घरात परत जावं लागणार होतं. तो समोर बसून आरामात बिस्किटं खात होता, मेला.

"मिटलं का?" काकांनी विचारलं.

बाईने घाईघाईने कागदावर 'नाही' लिहून तो पुढे सरकवला. काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आपली रीत तोंडी आहे, बाई. लिहिलेलं चालत नाही."

"अहो काका, तोंड बांधलंय तिचं!" मी म्हटलं.

"तू टाईप कर. रीतीत जबड्याचा उल्लेख नाही."

लाज कशी वाटत नाही या माणसाला! दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने जोरजोरात मान हलवली. मानही चालत नाही म्हणे.

तिसऱ्यांदा विचारलं. बाईने टेबलाची कड घट्ट धरली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तिने नाकातून आवाज काढला, "अंहं!"

स्वच्छ 'अंहं'. औषध नको असलं की तान्हं पोरही तसंच करतं.

"हं म्हणाली," काका खूश. "ऐकलंस ना गं? घे लिहून."

बाई माझ्याकडे बघत राहिली. ऐकणारी दुसरी कोण होती तिथे? मी तोंड उघडलं असतं, तर खटला कोर्टात गेला असता आणि मी घरी. काकांना घरीदारी नावं ठेवणारी मी, मोठी शहाणी.

'पीडितेने तोंडी होकार दिला,' असं मी टाईप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि कागद काकांच्या सहीसाठी पुढे केला.