माल्ट्यात करपलेला कढीपत्ता

वन्सं दगडी पायऱ्यांवर कलंडल्या होत्या. ओठ पांढरे, अंगभर गार घाम, डोळे अर्धे उघडे पण बघत कुठेच नव्हते. मी त्यांचा गाल ओढून आतून साखर चोळत होते आणि ओरडत होते, “वन्सं, गिळा! गिळा म्हणते ना!” खाली बंदरात आमच्या जहाजाचा भोंगा वाजला. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि देश कुठला, तर माल्टा... जिथे आमचं पाणी मागणंदेखील कुणाला कळेना.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण शेजारणीच्या अंगात येतं तेव्हा मी तिला चहा पाजून घरी पाठवते. हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की महिला मंडळात भजनाला गेलं की जी ती “ते माल्ट्याचं सांगा ना” म्हणते. मला कंटाळा आला आहे. एकदाच वाचा.

कुसुमवन्सं माझी नणंद. माझे यजमान भोपाळला गोविंदपुऱ्यात कारखान्यात होते. ते गेले, पुढे वन्संचेही यजमान गेले, तेव्हापासून आम्ही दोघी कोटरा सुल्तानाबादच्या घरात एकत्र राहतो. दिवसभर भांडतो, त्यामुळे वेळ बरा जातो. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने आम्हा दोघींना टूरबरोबर जहाजावर पाठवलं. बार्सिलोना, मार्सेल, जिनोआ, नेपल्स, मग माल्टा. मला विचाराल तर सगळी बंदरं सारखीच. उतरायचं, एक चर्च बघायचं, बाथरूम शोधायचं, परत चढायचं. पण मजा आली, खोटं का बोलू! जहाजावर आयतं जेवण आणि भांडी घासायला आपण नाही.

चहाच्या टेबलावरून मी साखरेच्या पुड्या उचलून पर्समध्ये टाकायची. वन्संना लाज वाटायची.

“वहिनी, लोक बघतात हो! भोपाळचं नाव घालवाल.”

“बघू देत. भोपाळात मला कोण ओळखतं, ते इथे ओळखणार?”

माल्ट्याच्या दिवशी संकष्टी आली. वन्संना शुगर आहे, गोळी चालू आहे, तरी चतुर्थी सोडायच्या नाहीत. सकाळी खोलीत आमची जुंपली. मी म्हटलं, “घरचा चंद्र धरा. तिकडे आधी उगवतो, संध्याकाळीच जेवायला मिळेल.”

“मी इथे, तर चंद्रही इथलाच. डेकवरून दिसला की सोडीन.”

“मग फळं तरी खा.”

“त्यांनी कुठल्या सुरीनं कापली असतील, कोण जाणे!”

साबुदाणा तर जहाजावर कुणी बघितलेला नव्हता. तेव्हा बाईंनी पोटात काही घातलं नाही, मात्र गोळी घेतली. का, तर औषधाला उपास नसतो! आणि हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर केळं सोलून तोंडात कोंबलं असतं.

व्हॅलेटा नावाचं गाव आहे. सगळं पिवळट दगडाचं, गल्ल्या म्हणजे नुसते जिने. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी चौकातल्या बाकावर बसले. वन्सं “नातीला लेस बघते, आलेच” म्हणून गेल्या... त्या गेल्याच. जहाजावर परतायची वेळ झाली. टूरची मुलगी केतकी बाकीच्यांना बसमध्ये बसवायला धावली. “काकू, तुम्ही इथून हलू नका, मी त्यांना शोधते.” मी हलले. वन्संची चाल मला माहीत, त्या मुलीला काय माहीत?

दुकानं दुपारची बंद. चार गल्ल्या सारख्या दिसत होत्या. कुठे वळावं कळेना, आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली. वन्संशिवाय घरी जाऊन मी भांडू कुणाशी?

तेवढ्यात वास आला. फोडणीचा! मोहरी, हिंग, मागून चिंचगुळाची आमटी... आणि करपलेला कढीपत्ता. माझ्या सासूबाई आमटी करायच्या तर कढीपत्ता हमखास करपवायच्या. मी लग्न होऊन आल्यावर एकदा बोलले, तर चार दिवस माझ्याशी अबोला धरला होता. तोच वास. माझं नाक अजून शाबूत आहे.

मी वासामागे निघाले. एका वळणाला डावीकडे गेले, वास तुटला. मागे आले, उजवीकडे गेले, परत सुरू. खाली उतरणाऱ्या एका जिन्याशी तो इतका दाट झाला की खोकला आला. आणि तिथेच, बंद दाराला टेकून, वन्सं. मी त्यांच्याजवळ पोचले आणि वास बंद. कुणी गॅस बंद करावा तसा.

मग ती साखर. चोरीच्या पुड्या एकामागून एक फोडल्या. थोडी आत गेली, थोडी पदरावर सांडली. बऱ्याच वेळाने वन्संनी घोट गिळला. डोळे माझ्यावर आले. आणि मी वासाबद्दल अवाक्षर काढायच्या आत म्हणाल्या,

“वहिनी... आईनं कढीपत्ता करपवला बघा परत.”

मी आणखी एक पुडी फोडली.

वरून एक जाडा माणूस गाडीची किल्ली फिरवत आला. मी हिंदीतच ओरडले, “भैया, जहाज! जल्दी!” त्याला शब्द कळले नसतील, पण वन्संचा चेहरा कळला. गाडीत घालून त्याने आम्हाला बंदरावर सोडलं. केतकी फाटकाशी रडत उभी होती. जहाजावरच्या डॉक्टरने वन्संना ज्यूस पाजला आणि अर्धा तास झापलं. मला फार बरं वाटलं.

वन्संचा मुलगा फोनवर म्हणाला, “मामी, तिथे जवळ इंडियन हॉटेल असणार.” पण मी वासाचं सांगितल्यावर केतकीने फाटकाशीच त्या गाडीवाल्याला तेच इंग्रजीत विचारलं होतं. तो म्हणाला, त्या जिन्यावरची घरं रिकामी आहेत, दुरुस्तीला काढलेली. आता मुलगा म्हणतो, घाबरल्यावर डोक्याला भास होतात. होत असतील. पण दोघींच्या डोक्याला एकच भास, तोही करपलेला?

सासूबाईंनी हयातीत भोपाळजवळच्या होशंगाबादच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. विमानाला हात जोडायच्या. पासपोर्ट नाही, काही नाही. त्या तिथे कशा पोचणार? मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर घरी येऊन सांगा, चहा देईन.

वन्सं आता संकष्टीला सकाळीच वरणभात जेवतात आणि वर मलाच ऐकवतात, “आईला परत एवढ्या लांब कशाला धावायला लावायचं?” मी आमटी करते तेव्हा कढीपत्ता करपवत नाही. त्या दिवशी त्या जिन्यावर आम्ही दोघीच होतो. दोघीही जिवंत आहोत, आणि कढीपत्ता आमच्यापैकी कुणी करपवला नव्हता.