एकेचाळीस रानांची नोंद

काल सात रस्ता चौकात उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावला आणि मोबाईल बंद पडला. शेजारच्याचा फोन मागितला, पण बायकोचा नंबरच आठवेना. नाकात ताज्या उसाचा वास होता, आणि त्या वासानं मला वीस वर्षं मागं करकंब गावाला नेलं.

तेव्हा मी साखर कारखान्यात ऊस नोंदणीला नवाच लागलो होतो. कुणाच्या रानात कुठला ऊस, लागण कधीची, हे हातातल्या मशीनमध्ये भरायचं. त्यावरूनच तोडणीची पाळी ठरायची. बॅटरी संपत आल्याचं मशीन सारखं सांगत होतं, मी लक्ष दिलं नाही. ते बंद पडलं आणि आठवड्याभराची एकेचाळीस रानं पुसली गेली. आता नोकरी जाणार, म्हणून मी बांधावर डोकं धरून बसलो.

त्या सगळ्या रानांत ऊस लावणाऱ्या टोळीची मुकादम शेवंतामावशी जवळ आली. सगळं ऐकून म्हणाली, "लिव की मग."

डोळे मिटून, बसल्या जागी कांड्या पुरल्यासारखे हात हलवत ती सांगू लागली. "वड्याकडनं पयलं रान तात्याचं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी लावलं..." एकेचाळीस रानं, कुठंही न अडखळता. नंतर मी शेतकऱ्यांना विचारून पाहिलं. एकाचीच तारीख जुळेना. त्यानं घरातून लागणीच्या बेण्याची पावती काढली, तर तारखेत मावशीच बरोबर.

"मावशी, एवढं डोक्यात राहतं कसं?"

"डोस्क्यात कुटं? एकेक कांडी वाकून लावलीया की. कंबरंला ठावं हाय समदं."

तेव्हा मी हसलो होतो. काल भर रस्त्यात तिच्यापुढं वाकावंसं वाटलं.