कडेवरचं फूल

चादरींची नक्षी काढणाऱ्या शोभाताईंना मी माझं नवं सॉफ्टवेअर दाखवायला गेले होते. त्यात एक चौकोन रंगवला, की तोच शेजारी शेजारी मांडला जाऊन अख्खी चादर भरते. मी चार फुलं चौकोनाच्या मधोमध जपून ठेवली होती. शोभाताई खुर्चीतून उठल्या, पार दारापर्यंत मागे गेल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "लांबून बघ. फुलांमधून रस्ते पडलेत."

मला जरा रागच आला. पण रस्ते खरंच पडले होते, रिकामे आणि सरळ.

त्यांनी येऊन एक फूल थेट चौकोनाच्या कडेवर सरकवलं. स्क्रीनवर लाल रेघ उमटली.

"हे लाल का गं झालं?"

"फूल कापलं जातंय म्हणून. तशी सूचना मीच घातलीये."

"कापलं कुठे? अर्धं शेजारच्या चौकोनात गेलंय."

जपायचं ते मधोमध ठेवायचं, कडेला काही लागू द्यायचं नाही, हे मी फक्त सॉफ्टवेअरमध्येच करत नव्हते.

घरी येऊन ती सूचना काढून टाकली. मग पलंगावरच्या चादरीत दोन चौकोनांचा सांधा शोधत बसले. सापडला नाही. जिथे तो असायला हवा होता, तिथे एक फूल होतं.