चिन्नोरचा वास

आमच्या तुमसरच्या घराला गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाची एक खोड होती. नवं जोडपं यायच्या अर्धा तास आधी तो मला चिन्नोरचा भात शिजवायला लावी. "माय, पहिलं घर घेणारे नाकानंच पसंत करतेत," म्हणे. त्या सुवासात ओलीचा कुबट वास दबून जाई. मागच्या भिंतीची बुरशी झाकायला तो स्वतः तिला टेकून उभा राही आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरे.

बाविसाव्या वर्षी मी नवऱ्यासोबत हेच घर पाहायला आले, तेव्हा आरसा कुठं लावायचा एवढंच विचारलं होतं. अशी मी शहाणी! आता पोराला ते विकायचंच होतं आणि दोन गिऱ्हाइकं परत गेली होती.

परवा आलेली पोरगी पोटुशी होती, तरी घरभर फिरली.

"आजी, पावसात ओल येते का हो? बाळाले त्रास नको, म्हणून विचारून राहिली."

दलाल खाकरला. रोज खोटं बोलणाऱ्या त्या माणसाची जीभ तिथं अडली.

"नाही येत," मी म्हणाले.

ती कशीबशी वाकून माझ्या पाया पडली. दलालानं तोंड फिरवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.