काढू की मुहूर्त

आमच्या कंग्राळीच्या गुरुजींना नाही म्हणता येत नाही. कुठलंही कार्य सांगा, "काढू की मुहूर्त!" म्हणतात. मग खिशातून चष्मा काढणार, उपरण्यानं पुसणार, परत पुसणार. त्याच्याशिवाय पंचांगातली एक ओळ त्यांना दिसत नाही.

लेकीनं बेळगावात रजिस्टर लग्न केलं, तेव्हा मी सहीला न जाता गिरणीत दळण घेऊन बसलो होतो. बापाचा स्वाभिमान, पाच किलो ज्वारी! वर्षभरानं अक्कल आली. निदान घरी अंतरपाट धरावा, चार अक्षता टाकाव्यात, म्हणून गुरुजींना बोलावलं. त्यांनी तीनदा मुहूर्त काढला, तिन्ही वेळा लेकीनं मोडला. परवा गुरुजींसमोरच तिला पुन्हा फोन लावला, स्पीकरवर.

"आप्पा, सहीला आला न्हाईसा. आता अक्षता कशाला? आम्ही कधीच येणार न्हाय."

मी फोन ठेवला. एवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

"गुरुजी, औंदाचा एखादा दिवस बघा की."

गुरुजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवत चार पानं उलटली आणि मिटलं.

"औंदा तुमच्या लेकीला मुहूर्तच न्हाय, आक्का."

"व्हय? मग पोरीचा दोष न्हाय म्हणायचा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. "फुडल्या वर्षी तरी निघंल?"

"काढू की," माझ्याकडं न बघता गुरुजी म्हणाले.

चष्मा त्यांच्या खिशातच होता.